बाराला दोन मिनिटं कमी

गाडी सरळ जात होती. स्टेअरिंग सरळ नव्हतं. माझी तक्रार एवढीच होती, आणि ती समजावून सांगताना मीच वेडी ठरत होते.

घड्याळ डोळ्यांसमोर आणा. स्टेअरिंगच्या मधोमध कंपनीचं चिन्ह असतं, त्याचं डोकं बारावर हवं. माझ्या गाडीत ते बाराला दोन मिनिटं कमी दाखवायचं. घड्याळातलं एक मिनिट म्हणजे सहा अंश, म्हणजे एकूण बारा अंश डावीकडे. कोनमापक लावून वहीत काढले तर बारा अंश अगदीच किरकोळ दिसतात. पण रोज सकाळी साताऱ्याहून कोरेगावला वीसेक किलोमीटर आणि संध्याकाळी तेवढंच परत, असं ते नाकासमोर धरून बसायचं असेल तर ते किरकोळ राहत नाही. पाहुण्यांच्या घरी भिंतीवरची तसबीर कलती दिसावी, यजमान समोर बसलेले असावेत आणि आपल्याला उठून ती सरळ करता येऊ नये, तसं काहीसं. ते रोज चाळीस मिनिटं, दोन वेळा.

सुरुवात कासपासून झाली. सप्टेंबर आला की साताऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक घराला पुण्या-मुंबईचे नातेवाईक आठवणीनं फोन करतात. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठारही गेलं, आणि तेव्हापासून आमच्याकडचा सप्टेंबर हा पाहुण्यांचा महिना झाला. नणंद आणि तिची दोन मुलं मागे, मी गाडीवर. परत येताना यवतेश्वरच्या घाटात समोरून एक ट्रॅव्हलर वळण अर्धं खाऊन आली. मी गाडी बाजूला घेतली आणि पुढचं डावं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं. पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे ते आत गेल्यावरच कळतं. आवाज असा झाला की मागची मुलं फुलांचे फोटो बघायची थांबली.

टायर फुटला नाही, रिम वाकली नाही. पण दुसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवर डावीकडून खडखड यायला लागली. गावातल्या नेहमीच्या मेकॅनिकनं गाडी उचलून चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं आणि म्हणाला, टाय रॉड एंड गेलाय, लोअर आर्मचा बुशही फाटलाय. दोन्ही बदलले. ‘आता अलाइनमेंट तेवढी करून घ्या मॅडम, हे काम केलं की ती करावीच लागते.’ हे त्याचं खरंच होतं. त्याच्याकडे मशीन नव्हतं.

अलाइनमेंट म्हणजे काय, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, या भानगडीत कळलं. तोपर्यंत ते बिलावरचं एक वाक्य होतं. आता कळलंय ते असं. सरळ उभं राहून आपल्या पायांकडे बघा. दोन्ही अंगठे आतल्या बाजूला वळवले की ते टो-इन, बाहेर वळवले, म्हणजे आपण ज्याला फेंगडं म्हणतो, की टो-आऊट. गाडीच्या पुढच्या चाकांचंही तसंच. चाक समोरून पाहताना आत-बाहेर कललेलं असेल तर तो कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा चिमटा उभा सरळ नसतो, किंचित पुढं झुकलेला असतो, त्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ पळते. मोटारीत त्या कलण्याला कॅस्टर म्हणतात. माझ्यासारख्या छोट्या गाड्यांमध्ये कॅम्बर आणि कॅस्टर बहुतेक वेळा कारखान्यातून जसे येतात तसेच राहतात, फिरवायला काही ठेवलेलंच नसतं. तेव्हा अलाइनमेंटच्या नावाखाली पंधरा-वीस मिनिटांत जे होतं ते म्हणजे टो. त्यासाठी दोन टाय रॉड, एक डावा, एक उजवा. दोघांची एकेक टोकं मधल्या स्टेअरिंग रॅकला, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांडीला, दुसरी आपापल्या चाकाला. रॉडला आटे असतात. फिरवला की रॉड लांब किंवा आखूड होतो आणि चाकाचा अंगठा आत किंवा बाहेर वळतो. मग रॉड जागीच धरून ठेवणारा चेकनट आवळला की झालं काम.

झालं म्हणजे, व्हायला हवं.

हायवेच्या बाजूला असलेल्या एका मोठ्या ठिकाणी गेले. नाव सांगत नाही, आणि त्यांची चूक जगावेगळी नव्हतीच. फरशी चकाचक, बसायला गार काचेची खोली, समोर पडदा, चारही चाकांना लावलेले ते पंजे, कॅमेऱ्याचं मशीन. पडद्यावर गाडीचं चित्र, सुरुवातीला डावीकडे लाल, थोड्या वेळानं सगळं हिरवं. छापलेला कागद हातात दिला. हिरवं बघून मीही खूश.

बाहेर पडून हायवेला लागले आणि स्टेअरिंग बाराला दोन कमी.

तशीच परत वळले. काउंटरवरच्या मुलानं कागद मागितला, बघितला, परत दिला. ‘मॅडम, सगळं ग्रीन आहे.’

‘हो, पण स्टेअरिंग वाकडं आहे.’

‘गाडी खेचते का?’

‘नाही. सरळ जाते.’

‘मग?’

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याकडेही नव्हतं, पण त्याला ते द्यावं लागणार नव्हतं. आतून एक थोराड माणूस आला, माझ्याशी न बोलता गाडीकडे बघत म्हणाला, ‘रस्त्याला उतार असतो. साहेबांना फोन लावून द्या, त्यांना सांगतो.’ साहेब म्हणजे माझे यजमान, ज्यांनी ही गाडी गेल्या तीन वर्षांत फार तर दहा वेळा चालवली असेल. मी फोन लावून दिला नाही. पण घरी आले ते त्या उताराचा विचार करत.

आणि तो विचार करताना एक गंमत सापडली. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. शंभराला साधारण दोन असा तो उतार. बांधकामवाले त्या उतारालाही कॅम्बरच म्हणतात. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा गाडी डाव्या कडेकडे सरकू पाहणार. तिला सरळ ठेवायला स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागेल. माझं तर डावीकडे होतं! त्याचा उतार माझ्या गाडीला लागू करायचा तर मला रोज रस्त्याच्या उजव्या अंगानं कोरेगाव गाठावं लागलं असतं. रात्री साडेअकराला हे लक्षात आलं आणि सांगायला कुणी जागं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी ते वाकडं स्टेअरिंग चालवलं. ज्याला सांगावं तो ‘चालतंय की’ म्हणायचा. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हे दोन शब्द सगळ्या जखमांवर लावायचं मलम आहे. यजमान म्हणाले, गाडी जुनी झाली, चालायचंच. शाळेतल्या सहकारी म्हणाल्या, तुम्हाला बाई फार बारीक दिसतं. त्या कौतुकानं म्हणाल्या असतील, मी तसंच धरलं.

मी स्वतः जेवढं तपासता येतं तेवढं तपासलं. पंपावर थंड टायरमध्ये हवा बघितली, पुढच्या दोन्हींत सारखी होती. हवा कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते, तो प्रश्न मिटला. मग टायरवर हात फिरवला. टो बिघडलेला असला की टायर रस्त्यावर सरळ न लोळता किंचित तिरका घासत जातो आणि त्याच्या नक्षीला एका दिशेनं धार येते. उसाच्या पानावरून उलटा हात फिरवला तर कसं चरचरतं, तसं हाताला लागतं. माझे टायर दोन्ही दिशांनी सारखे गुळगुळीत. म्हणजे दोन चाकांचं आपापसात जमलेलं होतं. बिनसलं होतं ते त्यांचं आणि माझ्या हातांचं.

अण्णांना दाखवलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपो, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली. माहेर गावातच असल्यानं रविवारी मी त्यांना घेऊन माहुलीला जाते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर ते पायऱ्यांवर बसतात, मी त्यांच्या शेजारी. माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, हे अण्णा दर रविवारी नव्यानं सांगतात.

त्या रविवारी पोवई नाका सोडल्यावर ते म्हणाले, ‘हे डावीकडं का धरलंयस?’

‘मी नाही धरलं. ते तसंच आहे.’

थोडा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. ‘गाडी सरळ चाललीया न्हवं?’

‘हो.’

‘मग चिकटपट्टी लाव.’

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. त्यांच्या काळातल्या बशींना पॉवर स्टेअरिंग नव्हतं. परातीएवढं काळं चाक, आणि जुन्या गाडीला एवढा प्ले की हात चार बोटं हलला तरी चाकांना पत्ता लागायचा नाही. त्या चाकाला वर-खाली असं काही नसायचंच. गोलाला डोकं कुठलं? तेव्हा ड्रायव्हर मंडळी गाडी सरळ धावत असताना चाकाच्या माथ्यावर रंगीत दोरा गुंडाळायची नाहीतर पट्टी चिकटवायची. मागं घेताना, घाटात लागोपाठ वळणं मारल्यावर, रात्री अंधारात, चाकं सरळ झाली का ते त्या पट्टीवरून कळायचं. गाडी बदलली, किंवा वर्कशॉपमधून काम होऊन आली, की जुनी पट्टी खरवडून नवी लावायची. अण्णांच्या हिशेबी स्टेअरिंग कधी वाकडं होतच नव्हतं, पट्टी चुकायची.

पुढच्या रविवारी त्यांनी घरातून लाल इन्सुलेशन टेपचं रीळ आणलं. मला सरळ रस्त्यावर चालवायला लावून, गाडी तशीच थांबवायला सांगून, चाकाच्या माथ्यावर बोटभर पट्टी चिकटवली. अंगठ्यानं दाबून बसवली. ‘आता ह्याच्याकडं बघायचं. त्या चिन्हाकडं बघायचंच न्हाई.’

कबूल करते, दोन दिवस बरं वाटलं. नंतर गाडीत एकाऐवजी दोन गोष्टी दिसायला लागल्या, वाकडं चिन्ह आणि त्यावर बांधलेली सरळ पट्टी.

त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे माझी सवय. तिसऱ्या आठवड्यात मी एकदा यजमानांची स्कूटर घेऊन भाजीला गेले आणि मला हँडल उजवीकडे वळलंय असं वाटलं. ते सरळच होतं. माझ्या खांद्यांनी ‘सरळ’ची व्याख्या बदलून घेतली होती, मला न विचारता. डावा खांदा किंचित खाली, उजवा वर. आरशात पाहिलं तर साडीचा पदरही मी तसाच लावायला लागले होते की काय अशी शंका आली. हे खरं की माझ्या मनाचे खेळ, देव जाणे, पण त्या दिवशी मी ठरवलं की हे आता दुरुस्त करायचंच.

दुसऱ्या ठिकाणचा माणूस मोठा आश्वासक होता. ‘एवढंच ना? दहा मिनिटं. स्टेअरिंग काढतो, एक दाता सरकवतो, बसवतो.’ स्टेअरिंग ज्या दांड्यावर बसतं त्याला दाते असतात, तेव्हा हे करता येतं. ऐकायला किती साधं, जणू तसबिरीचा खिळाच सरकवायचा. पण मधल्या बोधचिन्हाखाली एअरबॅग असते आणि तिच्या मागे गुंडाळलेली पट्टीसारखी वायर, जी चाकाबरोबर ठरावीक फेरे उलगडते आणि गुंडाळते. ती चुकीच्या जागी बसवली तर एखाद्या पूर्ण वळणावर तुटते आणि एअरबॅगचा दिवा पेटतो. नव्या गाड्यांत तर स्टेअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर असतो, त्याला शून्य कुठं ते स्कॅनर लावून पुन्हा शिकवावं लागतं. शिवाय इंडिकेटर आपोआप बंद करणारी खाच. आणि मुळात रोग तिथं नव्हताच. रॅक मध्यावर नसताना वरचं चाक सरळ करून बसवलं, तर दिसायला सरळ, पण गाडी एका बाजूला जास्त वळणार आणि दुसऱ्या बाजूला कमी. अण्णांच्या चिकटपट्टीची ती महाग आवृत्ती होती. मी ‘घरी विचारून सांगते’ म्हणाले. बाईमाणसाला हे वाक्य अजूनही कामाला येतं.

तिसरं ठिकाण सहकारी बाईंच्या दिरानं सांगितलं. पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला पिट, मशीन आधीच्यापेक्षा जुनं. मिस्त्री तिशीच्या आतला. मी माझं भाषण सुरू केलं तर तो ऐकून घेत गाडीच्या दुसऱ्या बाजूनं येऊन शेजारच्या सीटवर बसला. ‘चालवा.’

हायवेच्या सर्व्हिस रोडला सपाट तुकडा बघून तो म्हणाला, ‘हात हलका सोडा. फक्त बोटं ठेवा.’ गाडी सरळ गेली. ‘ब्रेक हळू मारा. हां. आता स्टेअरिंग न हलवता थांबवा.’ मी थांबवली. त्यानं खिशातून खडू काढून स्टेअरिंगवर आणि खालच्या प्लास्टिकच्या आवरणावर जुळती रेघ ओढली. तो माझ्याकडे न बघता, पण माझ्याशीच बोलत म्हणाला, ‘टो बरोबर आहे. सेंटर चुकलाय.’

चार आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दुखण्याला नाव दिलं होतं. मला त्याला चहा पाजावासा वाटला.

परत शेडमध्ये आल्यावर त्यानं जे सांगितलं त्याचा गोषवारा असा. मशीनचे पंजे चार चाकांना लागतात. पाचव्याला, म्हणजे हातातल्याला, पंजा नसतो. ते सरळ आहे की नाही हे मशीनला दिसत नाही, ते माणसानं बघायचं. स्टेअरिंग आधी मध्यावर आणून, सीट आणि चाक यांच्यात काठीसारखा होल्डर लावून ते घट्ट अडकवायचं आणि मगच रॉडला हात घालायचा. पहिल्या ठिकाणी होल्डर लावला नसेल, किंवा स्टेअरिंग आधीच बारा अंश वळलेलं असताना लावला असेल. मग त्या वळलेल्या स्टेअरिंगला खालची दोन्ही चाकं समोर बघतील अशी जुळवली. पडदा हिरवा. खोटं कुणीच बोललं नाही, मशीन तर नाहीच नाही.

आणि बारा अंश एवढे का दिसतात तेही तेव्हा कळलं. हातातलं चाक साधारण सोळा अंश फिरलं की रस्त्यावरचं चाक एक अंश वळतं. गाडीगाडीत थोडा फरक, पण अंदाज हा. म्हणजे माझ्या हातातले बारा अंश खाली जाऊन फक्त पाऊण अंश होत होते. पाऊण अंश कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही. स्टेअरिंग हे त्या अर्थानं भिंग आहे, खालची राईएवढी चूक वर सोळापट करून दाखवणारं. ‘तुम्हाला फार बारीक दिसतं’ म्हणणाऱ्या बाईंना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी डबा उघडून मला भाजी वाढली.

त्या दिवशी अण्णा बरोबर होते. मी त्यांना मुद्दाम नेलं नव्हतं, त्यांना मोती चौकातून कंदी पेढे घ्यायचे होते. पण पिट दिसल्यावर ते गाडीतून उतरले आणि काठावर उकिडवे बसले. गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावर न बसणारा माणूस.

मिस्त्रीनं आधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, मग अर्ध्यावर आणलं. बोधचिन्ह बारावर आलं. म्हणजे स्टेअरिंग आणि रॅक यांचं आपसात बरोबर होतं, फक्त रॉड चुकीच्या मापाचे झाले होते. त्याला तेच हवं होतं. इंजिन चालू ठेवून त्यानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे दोनतीनदा हलकं झुलवलं. पॉवर स्टेअरिंगमध्ये बंद गाडीवर मध्य धरला तर तो इंजिन चालू झाल्यावर सरकतो म्हणे. मग गवंड्यांकडे असते तशी बोटभर पाणसळ स्टेअरिंगच्या आऱ्यांवर धरली, बुडबुडा मध्ये आणला आणि होल्डर ठोकून बसवला. पडद्यावर आता डाव्या चाकाचा टो आत आणि उजव्याचा बाहेर, दोन्ही लाल. एकूण बेरीज मात्र हिरवी. मला त्या लाल रंगाचा इतका आनंद झाला की काय सांगू.

पिटात उतरून त्यानं दोन्ही रॉडवर खडूची रेघ मारली. रॉडवरच्या रबरी आवरणाची, म्हणजे बूटाची, क्लिप सैल केली, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जाऊन फाटतो आणि रॅकमध्ये पाणी जातं. चेकनट सैल केले. गंज होता, वंगण मारून थोडं थांबावं लागलं. मग डावा रॉड आत, उजवा रॉड बाहेर. एक पूर्ण फेरा आणि वर थोडं. अर्धा फेरा डावीकडे, अर्धा उजवीकडे, मग पडद्याकडे बघायचं, मग पुन्हा. ‘दोन्हीकडं सारखंच पाहिजे,’ तो पिटातून म्हणाला. ‘एकाच बाजूनं फिरवलं तर स्टेअरिंग येईल सरळ, पण टो जाईल आणि टायर खाईल.’

अण्णा काठावरून म्हणाले, ‘कासरा.’

मिस्त्रीनं वर बघितलं.

‘दोन कासरे असत्यात. डावा लांब झाला, उजवा आखूड झाला, तरी बैल सरळ चालत्यात. पण मग हात मधी धरून जमत न्हाई, एका अंगाला धरून बसावं लागतं. डाव्याचा घ्यायचा, उजव्याला सोडायचा. जेवढा घेतला तेवढाच सोडायचा. बैलाला कळत बी न्हाई, हात मधी येतो.’

‘डावा आखूड झालाय का लांब ते गाडीवर असतं काका. रॅक चाकाच्या पुढं हाय का मागं, त्यावर.’

‘आसंल,’ अण्णा म्हणाले. त्यांचं सांगून झालं होतं.

चेकनट आवळताना त्यानं एका पान्यानं रॉडचं टोक धरून ठेवलं आणि दुसऱ्यानं नट फिरवला. तसं न करता नुसता नट आवळला की रॉडही थोडा फिरतो आणि सगळी मेहनत पुन्हा सरकते. मला वाटतं, बऱ्याच हिरव्या पडद्यांची वाट या शेवटच्या पाव फेऱ्यात लागत असावी. आवळून झाल्यावर त्यानं पुन्हा पडदा पाहिला. दोन्ही आकडे हिरव्यात आणि जवळजवळ सारखे.

पैसे तीनशे. मोठ्या ठिकाणी सातशे दिले होते, आणि काचेच्या खोलीतली हवा गार होती, ते धरून हिशेब बरोबरच म्हणायचा.

‘ट्रायल मारून या,’ तो म्हणाला.

सर्व्हिस रोडला लागले. चिन्ह बारावर. आणि मला गाडी उजवीकडे चाललीय असं वाटलं. पोटात गोळा आला. बोटं हलकी सोडली, गाडी पांढऱ्या पट्टीला समांतर, तसूभरही सरकेना. पुन्हा धरली की पुन्हा वाटे, हात उजवीकडे गेलेत. डावा खांदा अजून खालीच होता. पुढच्या वळणावरून परत येईपर्यंत मी चार वेळा स्वतःला सांगितलं की हेच सरळ आहे. खांद्यानं ऐकायला दोन दिवस घेतले.

येताना मोती चौकात गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून अण्णा एकटेच उतरले आणि पेढे घेऊन आले. पिशवी मांडीवर ठेवून बसले. पट्टा लावला. मी गाडी काढली आणि सरळ रस्त्याला लागले, तसे ते माझ्या हातांकडे बघायला लागले. नाक्यापर्यंत काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, ‘ही लाल पट्टी कुणी लावली गं अशी वाकडी?’

‘तुम्हीच,’ मी म्हटलं.

त्यांनी वाकून नखानं तिचं टोक उचकटायचा प्रयत्न केला. निघेना. चांगली दाबून बसवलेली होती.